सुकलू इथी कोनी नाई

पणजी, गोवा
१२ फेब्रुवारी २०२४

ती. मंगलीबाईस धाकट्या लच्छूचा जय सेवा.

अन् सख्खी बहीण असून तू पवनचंच खरं धरलं ना शेवटी? गावचा पोरगा, इथी आठ दिवस सेंट्रिंगच्या कामाले आला, मले दोनदा दारूच्या दुकानात पाह्यलं, अन् तिकडं जाऊन साऱ्या मुलचेऱ्याले सांगत सुटला का लच्छू बिघडला. हाव, बसतो मी दुकानात. एकात नाई, साऱ्याच दुकानांत. पण बसाच्या आधी बर्फ उतरवतो. बर्फाच्या गाडीवर आहो मी, बाई. बर्फ मासेवाल्याले लागते, सरबतवाल्याले लागते, दारूवाल्याले त लागतेच. अन् जिथी उतरवतो तिथी आपल्या सुकलूभाऊचं विचारतो. पोलिसांच्या भ्यानं घर सोडल्यावर त्याचा एकच फोन आला, तो गोव्याहून. मी इथी कायच्यासाठी पडून आहो, हे पवनले नसन माहीत, तुले त माहीत आहे.

खरं शहर मोठ्या रस्त्यावर नाई, बोळीत आहे. एक म्हातारा नुसत्या टोप्या शिवते; डोक्याले हात लावला का माप समजते म्हणे. चर्चजवळ एक बाई मेणाचे हात, पाय, डोळे विकते. ज्याचं जे दुखते ते त्यानं घ्याचं अन् देवाले नेऊन द्याचं. मले आपल्या देवाजवळचे मातीचे घोडे आठवले. हरवलेल्या माणसासाठी काय द्याचं म्हून मी विचारलं, त तिनं मेणाचा अख्खा माणूसच काढून दाखवला. महाग होता, ठेवून आलो.

अन् दारूचं दुकान म्हणजे इथी घराचाच पुढचा सोपा. दोन बाकं, एक फळी, भिंतीवर देव. काजूची काढतात अन् वर नावाची पाटी लावतात. आपल्याकडं बंदी, म्हून आईले मोहाची लपवून काढा लागते, अन् भाऊले पोलिसांनी धरलेल्या त्या एका दारूच्या कॅनीपायी पळा लागलं. आई इथी असती त तिच्याही नावाची पाटी असती. आत शिरलं का हे लोक 'यो' म्हणतात. पहिल्या दिवशी मले वाटलं, हाकलून राह्यले. मंग समजलं, 'यो' म्हणजे 'ये'. बिनओळखीच्या माणसाले असं 'ये' म्हणणारी जागा सोडून मी खोलीत भिंती पाहत बसू काय?

आईले म्हणा, मोठ्या पोराच्या हाताशिवाय मेलेल्या बाबाले देवांत मिळवाचं कार्य कराचं नाई म्हणून दोन वर्सं अडून बसली, तशीच आणखी थोडी अड. मी भाऊले घेऊनच येतो. माह्यावरची माया आटली असन, त पवनकडून उसनी घे.

तुहा,
लच्छू


(मुलचेऱ्याजवळच्या गावाहून)
२ मार्च २०२४

चि. लच्छूस मंगलीबाईचा अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पवनले वाचून दाखवलं, त्यानं कान धरले. पण तुही जीभ आणखी लांब झाली, हे मलेही दिसलं.

इथी मोह पडाले लागला. आई अंधारातच टोपली घेऊन निघते, कोनाचं ऐकत नाई. गावची मोठी माणसं म्हणतात, मोह सरला का बाबाचं कार्य उरकून टाका, मेलेल्या माणसाले किती दिवस दारात उभं ठेवाचं. आई म्हणते, उभा राह्यला त राहू द्या, पोराले पाहूनच जाईन तो. तू घेऊन येतो म्हणाला, तवापासून तिनं भाऊची खाट नव्यानं विणाले घेतली. मले भ्या वाटते रे. नाई सापडला त तसं साफ लिव.

पिण्याचं मी तिले सांगितलं, त ती रागावली नाई. म्हणाली, पेते त पेऊ दे, पण पहिले थेंब गेलेल्या मोठ्यांच्या नावानं जमिनीवर सोडते का नाई ते विचार. नसन सोडत, त तो माहा पोरगा नाई म्हणा. आता काय ते तूच तिले कळव.

आमची आठवण पोटात ठेव अन् पोटाले उपाशी ठेवू नको.

तुही बहीण,
मंगली


पणजी
१९ मार्च २०२४

ती. बाईस लच्छूचा जय सेवा.

हे पत्र आईसमोर उघडू नको. फोनच केला असता, पण तुले फोन लागते तो टेकडीवर, तिथी सारं गाव उभं राह्यते, अन् आई तुह्या तोंडाकडं पाहत असते.

खरं सांगतो, थेंब सोडणं मी बंद केलं होतं. लोक हासतात. आईचा निरोप वाचला अन् त्याच दिवशी फिलोमिना आंटीच्या दुकानात बर्फ देऊन बसलो. ते दुकान आता नव्यानं माह्या गाडीकडं आलं. बोट बुडवलं, बाबाचं नाव घेऊन तीन थेंब फरशीवर सोडले. आंटी पुसाले फडकं घेऊन आली अन् तशीच उभी राह्यली. म्हणाली का आमचा चांदाही असंच करे. मी विचारलं, कोन चांदा. त म्हणे, इथी कामाले होता, कुठचा म्हून विचारलं का चांद्याचा म्हणे, म्हून साऱ्यांनी त्याचं नावच चांदा पाडलं.

बाई, आपला जिल्हा चांदा जिल्ह्यातून वेगळा होऊन एवढी वर्सं झाली, बाबा तरी मरेपर्यंत चांदाच म्हणे. भाऊही तेच बोलला असन. पोलिसाच्या भ्यानं खरं नाव त्यानं कोनालेच सांगितलं नाई. मी आंटीले आपल्याजवळचा फोटो दाखवला. तिनं फोटोवर बोट ठेवलं, हाच आमचा चांदा म्हणे.

मागच्या पावसाळ्यात त्याले कावीळ झाली. आंटीनं दवाखान्यात नेलं, शेवटपर्यंत पेज भरवली. आमच्यात मातीत ठेवतात, असं त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हून ती चार जणांशी भांडली अन् त्याले मातीच दिली. मी जाऊन आलो. लाकडावर 'चांदा' लिवलं आहे. खाली मी 'सुकलू' लिवलं. अक्षर वाकडं आलं.

आता जे मले गिळता येत नाई, ते सांगतो. इथी आलो त्या वर्षी मी ह्याच दुकानात विचारलं होतं, सुकलू आहे का. आंटी म्हणाली, सुकलू इथी कोनी नाई. ती खोटं बोलली नाई. अन् आंटी आता सांगते, भाऊ तवा मागच्या अंगणात बाटल्या धूत होता. मधी एक भिंत होती, बाई. मी सरबत पेलो अन् निघून गेलो. 'चांद्याचा कोनी आहे काय' एवढं विचारलं असतं, त आज खाटेवर तो निजला असता.

आईले कसं सांगाचं ते तू ठरव. फक्त उपाशी असताना सांगू नको. मोठ्या माणसांले म्हणा, आता थांबाचं काही राह्यलं नाई, बाबाले अन् भाऊले एकाच दिवशी देवांत मिळवू. मी तिथली मूठभर माती घेऊन निघतो. बाबासाठी मोठ्याचा हात पायजे होता; आता दोघांसाठी माहाच आहे, तो चालन काय तेही विचारजो. आंटी येतो म्हणते. आली त तुम्ही तिले 'यो' म्हणा.

मी रागानं लिवलेलं सारं विसर, अन् माह्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुहा,
लच्छू

ता. क. भाऊची राह्यलेली मजुरी आंटीनं जपून ठेवली होती. त्यात माही टाकून मनिऑर्डर केली, बकऱ्याले अन् तांदळाले होईन. आईच्या हातात देताना दोन्ही पोरांनी मिळून पाठवले म्हणजो. रुपये नऊ हजार चारशे.