चौथ्या दिवशी विचार

ती. आईस, वाळूने माखलेल्या शर्विलचा नमस्कार.

फोनवर तुझे प्रश्न थांबत नाहीत, म्हणून लिहितोय. आम्ही आठजण मोटारसायकलींवरून रियाधहून वायव्येला, अल उलाकडे निघालोय. हेल्मेट घालतो, पाणी पितो.

काल हाइलच्या पुढे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात करून आम्हाला थांबवलं. कॉफी पाजली, खजूर दिले, जेवायलाच बसवलं. पण नाव, गाव, नोकरी, काही म्हणजे काही विचारेना! मलाच चुटपुट लागली. आमच्यातला रत्नागिरीचा इमाद म्हणाला, "इथे पाहुण्याला तीन दिवस काही विचारत नाहीत."

तू असतीस तर पहिल्या खजुराआधी पगार विचारला असतास.

गंमत बघ, कोणी विचारेना म्हणून मीच सगळं सांगून बसलो. इमाद अरबीत सांगत गेला. म्हाताऱ्याने ऐकलं आणि माझा कप पुन्हा भरला.

परक्याला सांगितलं, मग तुला का नको? माझी नोकरी महिन्यापूर्वीच गेली. ही सहल झाली की गाडी विकून घरी येतोय.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना तूच सांग.

आणि आई, मी आलो की तीन दिवस नुसतं जेवायला वाढ. चौथ्या दिवशी विचार.

तुझा,
शर्विल