पाडलेली सीट

कोल्हापूर,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रसेनजीत,
सप्रेम जय भीम.

आपण दोघं आईची लेकरं, आणि आपली तक्रारही एकच: कागल सोडल्यावर भर हमरस्त्यात, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली कुणी उभी केली, हे वर्ष उलटलं तरी आपल्याला कुणी सांगितलं नाही.

माझं बरं आहे. गळ्याजवळचं हाड जुळलं. फक्त भाषणात मूठ वर केली की कळ येते. शिवानीला आठवा लागला ना? मावशीची स्वप्नाली काल येऊन गेली. रविवारी तू शिवानीला गारगोटीहून पेठ वडगावला माहेरी सोडणार, असं कळलं. पुढची सीट पाडून तिच्यावर गादीही अंथरलीस म्हणे. आणि गाडीनं ओरडू नये म्हणून बेल्टच्या खाचेत नुसतीच क्लिप खोचून ठेवलीस.

"पट्ट्यानं आईचं पोट कापलं. माझ्या गाडीत आता पट्टा न्हाय," असं तू स्वप्नालीला म्हणालास.

फोन केला असता. पण मी बोलायला लागले की तू म्हणतोस, "आक्का, हे स्टेज न्हाय." खरं आहे. म्हणून लिहिते.

वर्षभर मी गावोगाव ट्रॉलीवर बोलले. लोक पेटले, टाळ्या पडल्या. ट्रॉलीवर बोलणं सोपं होतं, प्रसेन. ट्रॉली माझी कुणी लागत नव्हती.

तो दिवस आठव. कागलची माझी सभा संपली होती. पहिल्या रांगेत बसून बसून आई दमली होती. आपल्याकडे माया करायची रीतच ही: म्हाताऱ्या माणसाला, पाहुण्याला, आजाऱ्याला पुढची सीट द्यायची, आणि पाडून द्यायची. मलाही आयोजक तसंच घरी पाठवतात, "ताई, सीट पाडा, निवांत झोपा." तू खटका ओढलास, तेव्हा आई करवादली, "आरं, मला रस्ता बघायचाय की! मढ्यागत आडवी कशाला घालतोस?"

"सरुबाई, गप पडा. आज राणीसारखं जायाचं!" तू आईला नावानं चिडवलंस.

ती हसली. तिचा पट्टाही तूच लावलास. मी तुझ्या पाठीमागच्या सीटवर ताठ बसले होते. गाडी त्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हा आपण तिघंही पट्ट्यात होतो. ताठ बसलेले दोघं वाचलो.

दवाखान्यात आईच्या अंगावर ओरखडा नव्हता. पोटावर तेवढा एक निळा वळ, आणि आत नुसतं रक्त. तू औषधं आणायला खाली गेला होतास. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सीट मागं पाडली होती का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता समजावलं. माणूस ताठ बसलेला असला की पट्टा कमरेच्या हाडांना धरून ठेवतो. आडवा असला की ती हाडं मागं कलतात, धक्क्यासरशी माणूस पट्ट्याखालून पुढं घसरतो, आणि पट्टा हाडांवरून सुटून मऊ पोटात घुसतो. खांद्यावरचा पट्टा तर छातीपासून लांबच राहिलेला असतो. नंतर मी मिळेल ते वाचलं, कुठंतरी वेगळं सापडेल म्हणून. सापडलं नाही.

पुढाऱ्यांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच मांडवात खोटारडे म्हणणारी मी. सख्ख्या भावाला एक वाक्य सांगू शकले नाही. आई पट्ट्यामुळे गेली नाही, प्रसेन. पाडलेल्या सीटमुळे गेली.

सीट कुणी पाडली, ते मी पुन्हा लिहिणार नाही.

ती माया होती. मायेला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, नाहीतर मागून ओरडले असते. पण यातून दिलासा निघत नाही, मी पुष्कळ शोधला. आई येणार नाही. ट्रॉलीवाला सापडणार नाही. आणि हे वाचून झाल्यावर तू मला पुन्हा आक्का म्हणून हाक मारशील, असंही वाटत नाही. मी गप्प राहिले असते तर भाऊ राहिला असता. पण स्वप्नालीनं त्या गादीचं सांगितलं, आणि मला शिवानीच्या जागी आई दिसली, तशीच हसणारी.

माझ्यावर राग धर. हे पत्र फाडून टाक. पण पोटातल्या लेकरावर तीच माया करू नकोस. ती खोटी क्लिप उपटून टाक. शिवानीचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घे. पाठ दुखते म्हणाली तर गाडी थांबव, उतरव, झाडाखाली टेकू दे. चालत्या गाडीत मात्र आडवी करू नकोस.

रविवारी ती गाडीत बसायच्या आधी गादी काढ, खटका ओढ आणि सीट सरळ उभी कर.

त्या दिवशी मागच्या सीटवर होती ती,
तुझी
क्रांतीआक्का