दादाच्या कॉम्प्युटरची जुळवाजुळव

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनचा पडदा तुझ्या डोळ्यांना खुपतो, म्हणून मीही आता तुझ्यासारखंच जाड स्केचपेन हाती घेतलंय. वहिनीला सांग, माझं अक्षर शाळेपासूनच असं आहे, त्याचा दोष पेनला देऊ नये.

आता तू निवडलेल्या भागांविषयी. पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर इतकी वर्षं उभी आहे, पण असा गेमिंग कॉम्प्युटर कुणी मागितल्याचं आठवत नाही. हेडफोन उत्तमातला, पंखे आवाज न करणारे, कॅबिनेट छोटंसं आणि ग्राफिक्स कार्ड मात्र सगळ्यात साधं! अरे, त्या कार्डावरच तर चित्र ठरतं. डॉक्टर म्हणाले नजर हळूहळू कमी होत जाईल. उद्याच जाईल असं नाही म्हणाले. आहे तोवर डोळे भरून बघून घे की. तो गलबतांचा खेळ आठव. शेजारच्यांच्या डबड्या कॉम्प्युटरवर आपण खेळायचो, आणि समुद्र म्हणून निळे चौकोन हलायचे. आता त्यात लाटांवरचं ऊनसुद्धा दिसतं.

म्हणून मी तुझं न ऐकता मोठं कार्ड पाठवलंय. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटला जुळणारा आहे, रॅम त्याच पिढीची आहे, आणि पॉवर सप्लाय कार्डाची भूक भागवेल असा दणकट घेतलाय. रागावलास तरी उपयोग नाही, पार्सल निघालं. वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो या आगाऊपणानंतरही राहू दे.

तुझी,
छोटी

१४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल सुखरूप पोचलं. तुझं कार्ड कॅबिनेटमध्ये जात नाही. पुढच्या पंख्याला अडतं आणि चांगलं दोन बोटं बाहेर राहतं. काय कशात बसेल हे विचारायला लोक जिच्याकडे येतात, तीच लांबी बघायला विसरली म्हणून तुझी वहिनी आणि मी पोट धरून हसलो.

मग बराच वेळ ते कार्ड मांडीवर घेऊन बसलो होतो. छोटे, तू असली चूक करणारी नाहीस. हे कार्ड तू माझ्या पूर्वीच्या डोळ्यांसाठी घेतलंस, म्हणून कॅबिनेट तुझ्या ध्यानातच आलं नाही. यात माझाही दोष आहे, कारण मी तुला सगळं सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात एका घराच्या नकाशात मी तीच भिंत दोनदा काढली. साहेबांनी माझं ड्रॉइंगचं टेबल आता दुसऱ्याला दिलंय. डॉक्टरांनी साफ सांगितलंय की वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच कळेल, बाकीचं धरून चालू नका.

समुद्र बघण्यासाठी मला हा कॉम्प्युटर नकोय. नुसत्या कानांवर खेळता येतील असे खेळ निघालेत. पावलं कुठून आली, दार कुठल्या बाजूला उघडलं, सगळं आवाजावरून ओळखायचं. पंखा घुमत राहिला तर ते कसं ऐकू यावं? थोडंफार दिसतंय तोवर ते शिकून घ्यायचंय मला, कारण भीती वाटते. तुला म्हणून सांगतो, फार भीती वाटते. कार्ड परत पाठवतोय. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र काउंटरमागे बसून वाचलं. गिऱ्हाईक विचारत होतं की कुठला मॉनिटर चांगला, आणि मी त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवला. मालकांनी घरी जा म्हटलं.

तुझं टेबल गेलं आणि ते मला आज कळतंय, याचा राग आलाय. आणि खरं सांगू? एवढं मोठं कार्ड घेतलं की डॉक्टरच खोटे ठरतील, असं काहीतरी खुळ्यासारखं माझ्या मनात होतं. तू सांगितलेलं साधं कार्ड आज पाठवलं. या वेळी पट्टी लावून लांबी पुन्हा पुन्हा बघितली.

मात्र एक ऐक. जोडणी तू करू नकोस. आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक तुमच्या भागात असतो, तो येऊन सगळं करून जाईल. तू आरामात खुर्चीत बस आणि कशाला हात लावू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
छोटी

४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेकॅनिक आला होता. भला माणूस. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. हात लावू नकोस हे मला पुढे जन्मभर ऐकायचंच आहे, त्याची सुरुवात तू तरी करू नकोस.

कॉम्प्युटर मी जोडला. प्रोसेसर डोळे उघडे ठेवून बसवला, तिथे बढाई नको. सॉकेटच्या पिना फार नाजूक. बाकीचं मात्र डोळे मिटून. रॅमची खाच मधोमध नसते, जरा एका अंगाला असते. उलटी धरली तर ती बसतच नाही, आणि सरळ धरली की दाबल्यावर टक् असा आवाज येतो. पॉवरच्या तारांचंही तसंच, प्रत्येकीचा आकार वेगळा. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तुझी वहिनी रडत होती. मी बघितलं नव्हतं, तरी मला कळलं.

एकच काम राहिलंय. चालू करायच्या बटणाच्या तारा ज्या पिनांवर लागतात, त्यांच्या शेजारची अक्षरं मुंगीएवढी आहेत. ती मला दिसत नाहीत, बोटांनाही समजत नाहीत. वहिनी वाचून द्यायला तयार होती, मी नको म्हटलं. माझं मला जमत नाही ते कुणाकडे मागायचं, हेही शिकायला हवं, आणि पहिल्यांदा तुझ्याकडे मागतोय. सुट्टी काढून ये आणि तेवढ्या तारा लाव.

बटण मी दाबेन. पडदा उजळला की त्यावर काय दिसतंय ते मला सांगू नकोस. मला काय ऐकू येतंय ते विचार.

वाट बघणारा,
दादा