पांढऱ्या पट्ट्यांपाशी

मिलान, बुधवार, २७ ऑगस्ट

प्रिय इम्मा,

कशी आहेस? पप्पा कसे आहेत ते विचारत नाही, कारण काल त्यांच्याशी बोललो आणि त्यांचा आवाज आपल्या दोघांपेक्षा ठणठणीत होता. मी बरा आहे. वजन थोडं उतरलंय, पण ते सायकलींच्या दुकानातल्या राबण्यामुळे, उपासमारीमुळे नाही. एवढं मावशीला नीट समजावून सांग, नाहीतर ती पुन्हा तेलातल्या वांग्यांच्या बरण्या पाठवेल आणि माझ्या खोलीत आता बरणी ठेवायला जागा नाही.

पत्र बघून घाबरू नकोस. हे फोनवर बोलता आलं नसतं. आपल्या घरी फोन म्हणजे पप्पा, खालची दोन बिऱ्हाडं आणि त्या वेळी जिन्यात उभं असेल ते कोणीही. म्हणून हे तोरेच्या हाती देतोय. माझ्याबरोबर शाळेतून हाकलला गेला होता तोच, आता मिलान-नेपल्स बस चालवतो. तो घरी येणार नाही. उद्या सकाळी तुला कोपऱ्यावरच्या कॉफीबारमध्ये गाठेल. त्याला कॉफी पाज.

तुझा प्रश्न लक्षात आहे. तिकडे उत्तरेला उदिनेच्या शाळेत कायमची नोकरी, शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलंस तर बदली शिक्षिका म्हणून घासलेली सगळी वर्षं पाण्यात. हो म्हटलंस तर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी पप्पांना डायलिसिसला कोण नेणार? मी परत येतोय का, असं तू विचारलंयस. सांगतो.

पण आधी इथल्या रस्त्यांचं सांगतो. पप्पा दर फोनला तेच विचारतात. टॅक्सीवाल्याचे डोळे साखरेने नेले तरी कान रस्त्यावरच असतात. परवाचंच बघ.

‘‘कामावर जायला किती वेळ लागतो रे?’’

‘‘पस्तीस मिनिटं.’’

‘‘आणि गर्दी असली तर?’’

‘‘पस्तीस.’’

‘‘आणि पाऊस?’’

‘‘पस्तीसच, पप्पा.’’

‘‘मग घरी गेल्यावर तुम्ही लोक बोलता तरी कशावर?’’

खरंच बोलत नाहीत. ऑगस्टभर तर शहर ओसाडच होतं, आत्ता कुठे माणसं समुद्रावरून परतताहेत. मी सेस्तोहून लाल मेट्रोने येतो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. सुरुवातीला मी डावीकडेच उभा असायचो. मागून एक बाई म्हणाली, ‘‘जाऊ द्याल का?’’ मी म्हटलं, ‘‘का हो, कुठे आग लागलीय?’’ तर म्हणते, ‘‘नाही, आग नाही. पण जाऊ द्याल का?’’ इतक्या सभ्यपणे, की भांडणाला हातच घालता येईना. आपल्याकडे सानिता मोहल्ल्यातून स्टेशनपर्यंत बसने गेलं की शेजारच्याचं पित्ताशय, जावई आणि घराचा खटला एवढं सगळं कळतं. इथे एका माणसाशेजारी मी वर्षभर उभा राहतोय. त्याच्या बुटांचा नंबर सांगू शकेन, नाव नाही.

खुर्चीचं तुला सांगितलं का? नसेल. दुकानमालकाची व्हॅन एकदा माझ्या घरापाशी लावायची होती. ओर्नागी त्याचं नाव, बरा माणूस आहे, फक्त हसताना दुखल्यासारखं तोंड करतो. तर मी सकाळीच जागा धरायला घरातली एकुलती एक खुर्ची रस्त्यावर मांडून गेलो, पप्पा तुझ्या पांडा गाडीसाठी मांडतात तशी. संध्याकाळी येतो तर खुर्ची नाही आणि तिथे कोणाची तरी निळी गाडी. जिन्यात चौथ्या मजल्यावरची बाई भेटली. ‘‘खुर्ची फार छान होती हो,’’ म्हणाली, ‘‘स्वयंपाकघरात अगदी शोभते. धन्यवाद!’’ इथे नको असलेलं सामान लोक असं बाहेर ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. मी म्हटलं, ‘‘सुखाने बसा.’’ त्या रात्री पलंगावर बसून जेवलो. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘त्या गावात खुर्चीलासुद्धा कोणी ओळखत नाही.’’

भरकटलो. तर इथे सगळं दिव्यांवर चालतं. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब, आणि पांढऱ्या पट्ट्यांपाशी कोणी पाय टाकला की गाड्या गपचूप उभ्या. पहिले काही महिने मला हा सगळा नाटकाचा प्रकार वाटायचा. मग सवय झाली. मग आवडायला लागलं, इम्मा. डोकं शांत राहतं. कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही.

आणि मग ईस्टरला घरी आलो, आणि शनिवारी पप्पांना डायलिसिसला नेताना तुझी गाडी मी चालवायला घेतली. तू मागच्या सीटवर होतीस, त्यामुळे तुला काय सांगायचं. तरी लिहितो, कारण आपण त्यावर एकदाही बोललो नाही. व्हिया फोरियाच्या रस्त्यावर ती म्हातारी पिशवी घेऊन पट्ट्यांपाशी उभी होती आणि मी थांबलो. म्हातारी दचकली. मागून स्कूटर आदळली. तो पोरगा उठून काचेवर थापा मारत होता.

‘‘थांबलास का?’’

‘‘बाई उभी होती.’’

‘‘उभी होती ना? मग राहू दे की उभी! तिने काही तक्रार केली होती तुझ्याकडे?’’

आणि वर म्हातारीच ओरडत होती, ‘‘मला कशाला मधे घेताय रे मेल्यांनो? मी बसची वाट बघतेय!’’

नंतर आपण तिघं हसलो. पण मी आरशात नाही, पप्पांकडे बघत होतो. डायलिसिसची सुई टोचतात तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने छातीशी आवळून धरला होता, तान्हं मूल धरावं तसा. म्हणाले, ‘‘इथे थांबणाऱ्याला धडक बसते. डोळ्याला डोळा लाव आणि जा.’’ बास, एवढंच. त्या हाताला काही झालं असतं तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. हॉस्पिटलपर्यंतच्या चढावर तू गाडी घेतलीस आणि मी मागे बसलो. मला तो चढ चढवता आला नसता. नेपल्समध्ये माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघून गाडी हाकतो आणि माझी ती नजर गेलीय. तुझ्या निरोपाला उत्तर द्यायला इतके दिवस लागले ते त्याच्यामुळे. दुकानात काम फार आहे असं मी सांगितलं होतं, तर काम काही फार नाही. आत्ताही दुपारचं दुकान बंद आहे आणि मी टायरांच्या ढिगावर बसून लिहितोय.

आता कालचं. पप्पांचा फोन आला तो घरून नाही, सलूनवाल्याच्या मोबाइलवरून. मागे पाण्याचा आवाज येत होता.

‘‘ऐक. इम्माला लिही की तू येतोयस.’’

‘‘पप्पा, मी अजून काही ठरवलेलं नाही.’’

‘‘तू ये असं कोण म्हणतंय? लिही म्हणतोय मी. ती एकदा उत्तरेच्या गाडीत बसली की तू आहेस तिथेच राहा.’’

‘‘आणि तुम्हाला कोण नेणार?’’

‘‘हॉस्पिटलची गाडी आहे की.’’

‘‘ती तुम्हाला सोसत नाही. सगळं शहर फिरवून, एकेकाला गोळा करत नेते. गेल्या वेळी परत आलात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उठला नाहीत.’’

‘‘मला तुझं ड्रायव्हिंगही सोसत नाही.’’

‘‘तिला कळलं तर?’’

‘‘कळेल तेव्हा ती वर्गात असेल. भरला वर्ग सोडून पळायला ती काही तू नाहीस.’’ मग आवाज खाली घेतला. बहुतेक सलूनवाल्याकडे पाठ केली असावी. ‘‘माझ्यापायी ती इथे बसली ना, तर त्या मशीनवर मला डोळा मिटता येणार नाही, बाळा. एवढं खोटं बोल माझ्यासाठी.’’

मी हो म्हटलं. लिहितो, असं त्यांना सांगितलं.

मग एका कागदावर लिहिलंही. ‘इम्मा, मी येतोय.’ पुढे काय लिहावं ते सुचेना. कागद समोर ठेवून दोन सायकलींची पंक्चरं काढली, तरी तेवढंच. तो कागद तुला पाठवला असता तर तू त्यावर विश्वास ठेवून सामान बांधलं असतंस, आणि मंगळवारी पप्पा त्या गाडीत जाऊन बसले असते. खोटं बोलायला माझी काही ना नसते, तुला माहीत आहे. हे मात्र जमेना.

आज सकाळी ओर्नागीला सांगितलं की मी जातोय. ‘‘किती दिवस?’’ म्हणाला. माहीत नाही म्हटलं. त्याने दुखल्यासारखं तोंड केलं. ‘‘परत आलात तर आधी फोन करा,’’ म्हणाला. त्याच्या हिशेबाने हा मिठी मारण्याचाच प्रकार असावा.

शुक्रवारी संध्याकाळी तोरेच्याच बसने निघतो, शनिवारी सकाळी पोचतो. रविवारी तुला निघायचं, म्हणजे आपल्याकडे शनिवारचा एक दिवस. हॉस्पिटलला मी चालवीन, तू शेजारी बस आणि ओरड. हळू गेलो तरी ओरड, थांबलो तर दुप्पट ओरड. घाबरलेलो आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. चढावर पुन्हा जमलं नाही, तर गल्लीतल्या कोणाला तरी धरून नेईन, पण त्या गाडीत पप्पांना घालणार नाही.

नाताळपर्यंत नक्की आहे. पुढचं लिहीत नाही, लिहिलं तर त्यावर तूच हसशील. पाय शिवशिवायला लागले तर आधी तुला कळवीन, तुझ्याशी ठरल्याशिवाय हलणार नाही. याहून मोठं वचन माझ्याकडे नाही.

पप्पांना यातलं काही सांगू नकोस. उद्या जेवताना नुसतं म्हण, ‘‘अनिएल्लोचं पत्र आलं, तो येतोय म्हणतो.’’ ते तोंड गंभीर करतील, ‘‘बघ बाई, तुझं तू ठरव,’’ म्हणतील, आणि सलूनमध्ये जाऊन पोरीला कसं बनवलं ते रंगवून सांगतील. सांगू देत. शनिवारी दारात माझा आवाज ऐकून शिव्या घालतील, तोवर तुझा होकार उदिनेला पोचलेला असेल.

उदिनेला उद्याच कळव. शुक्रवारची वाट बघू नकोस.

तुझा, आणि निदान नाताळपर्यंत त्यांचा,
अनिएल्लो