काहीच अडणार नाही

प्रिय भाऊजी,

तुमच्या हाताला सवकलेली वासरं मला पाहिलं की पाठ फिरवतात. बरोबरच आहे त्यांचं.

त्या दिवशी शेतकरी गटाची बैठक आपल्या घरी होती. पुढच्या वर्षाचं नियोजन चाललं होतं. गटाच्या सल्लागार बाईंनी मला विचारलं, "धाकटे दीर नसले तर कुठलं काम अडेल?"

मी पटकन म्हणाले, "काहीच अडणार नाही."

तुम्ही चहा घेऊन दारातच उभे होतात. सगळ्यांना चहा दिलात, मला "साखर बरी आहे ना, वहिनी?" असंही विचारलंत, आणि महिन्याभरात शहरात नोकरी धरलीत.

तुमच्यावाचून सगळंच अडेल, हे खरं बोलले असते, तर गटाने सगळा कारभार तुमच्या हाती द्यायला सांगितलं असतं. तुमच्या दादांचा मोठेपणा राखायला मी तुम्हाला लहान केलं.

आज बैठकीत उठून मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांना सांगितलंत?" घरी येऊन मी हे लिहायला बसले.

पण हे पत्र टपालात टाकत नाही. कागदाआड तोंड लपवायचं नाही मला. उद्या सकाळच्या गाडीने स्वतःच येतेय, तोंडाने सांगायला. दार उघडाल ना?

तुमची,
वहिनी