आत्याला वाचून न दाखवलेला कागद

बाबा, तुम्ही गेल्यावर बंद राहिलेल्या तुमच्या कपाटातून परवा आत्याचं हक्कसोडपत्र निघालं. आपल्या वकिलीच्या ऑफिसची इमारत पाडून नवी बांधायची आहे, बिल्डरने मूळ कागद मागितले, म्हणून मी सगळ्या फायली खाली काढल्या. आजोबांनी घेतलेली ही जागा, खाली ऑफिस, वर आपलं घर. त्यातला स्वतःचा हिस्सा तुमच्या एकुलत्या बहिणीने तुम्हाला राजीखुशीने सोडून दिला, असं त्यात लिहिलंय. शेवटी नेहमीचं वाक्य आहे, मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

तो दिवस मला चांगला आठवतो. इतकी वर्षं मी त्याच्याकडे नीट पाहिलं कसं नाही, ते मात्र कळत नाही. मी कॉलेजात, नुकती अठरा पूर्ण झालेली. आत्या उरणहून सुका जवळा घेऊन आलीय, आपल्या स्वयंपाकघरात खाली बसून तो निवडतेय. तुम्ही दारात उभे. "घरपट्टीवर नाव चढवायचंय, एक सही कर." ती हात पदराला पुसते. "मी काय वाचू त्यात दादा? वकील तू हायस ना घरातला." तुम्ही हसता. मीही हसले. मग तुमचं बोट जिथे टेकलं होतं तिथे मी सही केली, आणि आपण तिला रिक्षाने रजिस्ट्रार कचेरीत नेलं. तिथेही कुणी वाचलं नाही. संध्याकाळी तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलंत. त्या दिवशीचं डायरीचं पान मी काढून पाहिलं. त्यात फक्त पेन आहे.

आजोबांनी ऑफिसला एक सवय लावली होती. सही असो की अंगठा, आधी पूर्ण कागद मोठ्याने, समोरच्याच्या बोलीत वाचायचा. चिरनेरकडच्या बायका त्यासाठीच एसटी बदलून आपल्याकडे यायच्या. मी वकील होऊन तुमच्या हाताखाली आले, तेव्हा एका म्हातारीला वाचून दाखवताना कंटाळून मी चतुःसीमेची एक ओळ गाळली. तुम्ही तिच्यादेखत म्हणालात, "ओळी गाळायच्या असतील तर उद्यापासून येऊ नकोस." मला लाज वाटली आणि तुमचा अभिमानही. त्या क्षणी तुम्हाला आत्या आठवली होती का? आठवली असेल तर तुम्ही ते बोलू कसे शकलात, आणि नसेल तर ते मला अधिकच वाईट वाटतं.

काल कागद घेऊन रोडपालीला गेले. आत्या आता तिथे मुलाकडे असते. तिच्यासमोर बसून आजोबांच्या पद्धतीने वाचला. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे मी सोडलं?"

"हो."

"दादाला ठाव होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"साऱ्या मुलखाला वाचून दावायचा," ती म्हणाली. "मागलं असतं तं दिलं नसतं का मी?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू बरी. तू वाचलंस तरी."

नव्या करारात तिचा हिस्सा घालायला मी बिल्डरला सांगितलंय. ते सोपं होतं. तुमच्यावर रागावणंही सोपं आहे, कदाचित म्हणूनच हे लिहायला बसले. पण बाबा, साक्षीदारांच्या ओळीपाशी मी कागदाची घडी घातली होती. ती ओळ मी तिला वाचून दाखवली नाही.