जमिनीवर उमटलेला नाच

बाई, सगळ्यात पहिले आली ती कंपाउंडरची पोट्टी. पोट्टी काय, आता तिलेही नातू झाले. ब्रह्मपुरीहून जीपनं आली, गुडघा धरत उतरली अन् पहिले माझी घरामागची सपरी, ती पडवीच पाह्यली. "अजून शेणानं सारवतेस?" म्हणे. माझी सून टाइल्स लावा म्हणते. मी म्हटलं, घरभर लावा, ही सपरी सोडा. मागून तिच्यासंगं तुमच्या क्लासात शिकलेल्या दोघी आल्या. शाळेतल्या पोरींकडून तुमचा धानाच्या रोवणीचा बॅले बसवून राह्यल्या, पण पुरा कोणालेच आठवत नाई. एक म्हणे इथी गिरकी उजवीकडे, दुसरी म्हणे डावीकडे. चहा थंड झाला, भांडण नाई.

आपल्या भागातून मुंबईले जाऊन अंगठ्यांवर उभं राहून नाचणाऱ्या तुमी पहिल्या. गुडघा मोडून परत आल्या तरी रडल्या नाई, धानाच्या गोदामात क्लास काढला. आरसा नव्हता. मंग मी पहाटे जमीन सारवायची, अर्धवट वाळली की तिच्यावर पोट्ट्या नाचायच्या, अन् त्या बाहेर गेल्या की तुमी वाकून पावलं वाचायच्या. टाच जड पडली, अंगठा आत वळला. मी बादली धरून उभी. वर्षभरात मीही पाऊल पाहून नाव सांगू लागली. एकदा मीच ओल्यावर पाय ठेवला तर केवढ्या रागावल्या होत्या. म्हणून तर त्या दिवशी खोटं बोलली.

तुमी चंद्रपूरले गेल्या होत्या. सारवून झालं, कोणी नव्हतं, अन् मी पुरी रोवणी नाचली. पुसायच्या आधीच तुमी दारात. किती वेळ वाकून पाह्यलं तुमी. "हिले शिकवायले माझ्याजवळ काही उरलं नाई. कोणाची आहेत ही पावलं?" मी म्हटलं, कंपाउंडरच्या पोट्टीची, येऊन नाचून गेली. तेव्हापासून ती पुढच्या रांगेत, मी बादलीसंगं.

आज मी कोणाले विचारलं नाई. सपरी सारवली, पदर खोचला, खांब धरून सावकाश सगळा नाच नाचली. गिरकी डावीकडेच आहे, बाई. त्या दोघी मोबाइलवर घेत होत्या. कंपाउंडरची पोट्टी मात्र तुमच्यासारखी वाकली. बराच वेळ उठलीच नाई.

"त्या दिवशी मी तापानं घरी होती," ती म्हणाली. "बाईनं पाठीवर हात ठेवला, अन् मी गप राह्यली."

"मीही गपच होती," म्हटलं. मंग दोघी एवढ्या हसलो की सून बाहेर आली.

नातीच्या वहीचं पान फाडून तुमाले लिहून राह्यली, पण तुमी गेल्यावर चिठ्ठी टाकायची कुठी तर नाई. ती पावलं माझी होती, बाई. पण तुमी तर पाऊल वाचणाऱ्या, तुमाले खरंच नाई समजलं? बुधवारी शाळेतल्या सगळ्या पोरी घेऊन येतो म्हणाल्या. शिकवायचं मलेच आहे. मंगळवारीच शेण आणून ठेवते.